ओल्या फडक्याबाबत

प्रिय अण्णा,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घ्यावी. तुमचा पाट आज सकाळी पुन्हा माझ्या पायावर पडला. पाय उजवा, अंगठा तोच, नख मागच्या खेपेनंतर नुकतंच नव्यानं आलेलं. आमच्या रोह्याच्या दोन खोल्यांत दाराआड हा सागवानी पाट कित्येक वर्षं उभा आहे, आणि दार जरा जोरात लोटलं की तो आडवा होतो. कधीतरी चोर येईल आणि त्याच्या पायावर पडेल अशी मला आशा होती. पण चोरांनी आमचं घर बाहेरूनच बघून ठेवलेलं दिसतं. तेव्हा या पाटानं एका निरपराध माणसाशी जे वैर धरलं आहे, त्याचा संबंधितांनी तातडीने विचार करावा, ही नम्र विनंती.

संबंधित म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही तर माघात गेलात. आता तक्रार घ्यायला खिडकीवर कुणी नाही.

शिवाय ‘निरपराध’ हा शब्द तुम्ही खोडून वाचा, अण्णा. त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

काल तुमच्या दत्ताचा फोन आला. तुमच्या मागे जोह्याचा गणपतींचा कारखाना तोच बघतो. बरा बघतो, पण तुमच्याइतका बोलत नाही. म्हणाला, “भावोजी, पाट यायला लागलेत. तुमच्याकडं बाबांचा एक पाट हाय ना, त्याचं काय करायचं?” मी म्हटलं, सुमनला विचारतो. तुमची मुलगी शेजारीच भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “तो पाट मला नका विचारू. पाटाच्या आधी दुसरं एक देणं आहे तुमचं.”

ते देणं मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त तुम्हाला.

म्हणून लिहायला बसलो. या वेळी वरून खाली, एकही ओळ न गाळता लिहायचं ठरवलं आहे. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही येतील, सांभाळून घ्या. ओळी गाळायची मला सवय आहे आणि ती काय करते ते मी पाहिलेलं आहे.

आधी पाट. गणपती सांगायचा, म्हणजे मूर्ती नोंदवायची, तर गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतं, आणि चतुर्थीच्या आधी त्याच पाटावरून मूर्ती घरी जाते. हे झालं चारचौघांचं. पण ज्या घरात मूल नाही त्या घराच्या दारात कुणीतरी गुपचूप गणपती ठेवून जायचा. ठेवणाऱ्यानं दिसायचं नाही, घरच्यांनी विचारायचं नाही. पाच वर्षं तो असाच यायचा. पाळणा हलला तर त्याच पाटावर दुसऱ्या एखाद्या तशाच दारात गणपती पोचवायचा. नाही हलला तर पाट रिकामा परत.

आमचा रिकामाच परत यायचा होता. मी आणून दिला नाही. गाडीची वेळ, कंपनीतली शिफ्ट, गुडघा, पाऊस – कारणं माझ्याकडे नेहमी ताजी असतात. खरं कारण ते फडकं.

आमच्या लग्नाला सहावं वर्ष लागलं होतं. तोवर रोह्यातल्या आमच्या आळीनं आमच्यावर उपलब्ध असलेले सगळे उपाय करून पाहिले होते. शेजारच्या काकूंनी सुमनला सोळा सोमवार दिले, समोरच्यांनी एक मुळी दिली, माझ्या आईनं टोमणे दिले. “आमच्या घराण्यात कुणाला काय नाय हो,” असं ती भिंतीकडे बघून बोलायची. भिंतीपलीकडे सुमन. मी दोघींच्या मधे पेपर धरून बसायचो. माणूस साप्ताहिकात विनोदी लिहितो म्हणून त्याला सगळीकडे मधलं स्थान मिळतं.

मग सुमननं पेणच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. माहेर जवळ म्हणून पेण. बाईंनी तिचं रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं केलं आणि मला म्हणाल्या, “तुमची एकच तपासणी. सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त. खरं तर आधी तीच करायची असते.” मी शिफ्टचं सांगितलं. मी एक दिवस गेलो नाही तर कंपनी बंद पडेल, असं मी त्या बाईंना आठ महिने पटवत होतो. अण्णा, त्या कंपनीत माझ्या खात्याचा साहेब मला दुसऱ्याच नावानं हाक मारायचा.

शेवटी गेलो. बाजारातल्या लॅबमध्ये एका माणसानं माझ्या हातात एक बाटली दिली आणि संडासाकडे बोट दाखवलं. कडी मोडकी. दाराबाहेर बाकावर चार बायका, एक खोकणारे आजोबा, आणि त्यांच्यात सुमन, पदर घट्ट धरून. आत एक बादली, एक चिमणी आणि मी. अर्ध्या तासानं मी रिकामी बाटली घेऊन बाहेर आलो. खोकणारे आजोबा म्हणाले, “होतं असं, पाणी प्या जरा.” त्यांना वाटलं, लघवी द्यायची आहे.

मग लॅबवाल्यानं दुसरी वाट सांगितली. घरून आणा, पण तासाच्या आत पोचायला हवं. रोह्याहून तासात पेण? आमच्या गाडीला नागोठण्यातच तास होतो. म्हणून ठरलं की आदल्या दिवशी जोह्याला तुमच्याकडे यायचं आणि सकाळी तिथून.

तुम्हाला सुमननं काय सांगितलं होतं कोण जाणे. तुम्ही काही विचारलं नाहीत. सासूबाईंनी सकाळी न्हाणीघरात कढत पाणी काढून दिलं, घरातल्या सगळ्यांना तुम्ही मागच्या पडवीत माती मळायला धाडलंत, आणि स्वतः अंगणात लूना पुसत बसलात. सासऱ्यानं जावयाची एवढी सोय केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

न्हाणीघरातून बाटली घेऊन निघालो तर वाट कारखान्यातूनच. दोन्ही बाजूंना कच्चे गणपती, ओळीनं. सुदैवानं डोळे आखायचे राहिले होते. डोळ्यांची आखणी तुमची, आणि तुम्ही आषाढाशिवाय कुंचला उचलायचा नाहीत. तेवढीच माझी अब्रू राहिली.

बाटली रुमालात गुंडाळून मी ओट्यावर ठेवली आणि चपला शोधायला गेलो. कुणीतरी मातीच्या पायानं माझी एक चपल घालून मागे नेली होती. ती सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटं. वैशाखातलं ऊन ओट्यावर आलेलं. आलो तर बाटली तुमच्या हातात, कापडी पिशवीत. “चला, जावईबुवा. बसा मागं. मी नीट बांधलीय.”

तुम्ही हॅंडल धरलंत, मी पिशवी मांडीवर धरली. मला वाटलं, पिशवी जरा गार लागते आहे. मला हेही वाटलं की विचारू नये.

लॅबच्या काउंटरवर त्या माणसानं बाटली हातात घेतली आणि विचारलं, “नमुना थंड कसा?”

आणि अण्णा, तुम्ही पुढे झालात. छाती काढून. “मी ओल्या फडक्यात गुंडाळलाय ना. उन्हात व्हता. माती ओली हाय तवर जिती. सुकली की गेली. म्हटलं, ही पण जितीच चीज हाय.”

शाडूच्या अर्ध्या घडलेल्या मूर्तीवर रोज संध्याकाळी टाकायचं फडकं! दारालगतच्या खिळ्याला टांगलेलं असायचं ते. चाळीस वर्षं त्या फडक्यानं तुम्ही एक मूर्ती तडकू दिली नव्हती. ज्या वस्तूत जीव येणार आहे ती ओली ठेवायची, हे तुमच्या हाताला माहीत होतं. तुमच्या हाताची काय चूक? डॉक्टरीणबाईंनी ‘अंगाच्या उबेत ठेवा’ असं बजावलं होतं, पण ते मला. तुम्हाला सांगायचं मी लाजेनं टाळलं होतं.

रिपोर्टला दोन तास होते. तेवढ्यात तुम्ही मला बाजारात नेऊन चहा पाजलात, माझ्या आईसाठी पोह्याचे पापड घेतलेत, आणि पापडवालीला उगाचच सांगितलंत की जावई पेपरात लिहितो.

रिपोर्ट आणायला मी एकटा आत गेलो. तुम्ही बाहेर लूनापाशी. कागदावर वरती एक आकडा, खाली एक शेरा. वरचा आकडा शून्य. खालचा शेरा, इंग्रजीत: नमुना थंड अवस्थेत मिळाला, पुन्हा तपासणी करावी.

मी म्हटलं, “थंडीमुळे शून्य आलं असेल.”

तो माणूस वाईट नव्हता. आवाज खाली घेऊन बोलला. “साहेब, थंडीनं शुक्राणू मरतात. मेलेले दिसतात. इथं मेलेलेपण नाहीत. शेरा लिहावा लागतो म्हणून लिहिला. पुन्हा करून घ्या, पण तुम्हाला कल्पना असू द्या.”

एवढंच. मला कल्पना होती, अण्णा. त्या दिवसापासून, त्या मिनिटापासून होती.

मी बाहेर आलो. तुम्ही लूनाच्या सीटवरचा हात काढलात आणि माझ्याकडे पाहिलंत. “काय म्हंतो?”

तोंडात दोन वाक्यं होती. मी खालचं बाहेर काढलं. “नमुना थंड झाला होता. नीट आलं नाही.”

ते खोटं नव्हतं. हीच तर गंमत आहे. मी आयुष्यभर लोकांच्या भाषणांतली, जाहिरातींतली, पुढाऱ्यांच्या आश्वासनांतली अर्धी वाक्यं पकडून साप्ताहिकात त्यांची सालं काढली. माझं अर्धं वाक्य मी तुमच्या हातात ठेवलं आणि तुम्ही ते खरं मानून घेतलंत.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही पिशवीतून फडकं काढलंत, पिळलंत. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळत राहिलात.

कागद मी मधोमध घडी घालून सुमनला दाखवला, खालचा अर्धा. दहावी झालेली बाई, वाचता येत होतं तिला. पण नवऱ्यानं घडी घालून दिलेला कागद उलगडून बघायची तिला सवय नव्हती. मग तो विम्याच्या कागदांत गेला.

पुन्हा तपासणी करायची की! ती म्हणायची, महिन्या-दोन महिन्यांनी, ताट वाढताना, हळूच. मी म्हणायचो, करू. कधी म्हणायचो, अण्णांनी एकदा घोळ घातला, आता परत सगळा तमाशा नको. ‘अण्णांनी घोळ घातला’ हे मी तुमच्या लेकीला तीन वर्षं सांगत होतो. माझ्या आईलाही सांगितलं. आईला फार बरं वाटलं. घोळ त्यांच्याकडचा निघाला.

आणि तीन वर्षं सुमननं काय काय केलं! गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नळ्यांची तपासणी झाली. त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीत होतो. तुम्ही गेला होतात तिच्याबरोबर. ती भिंत धरत बाहेर आली, तुम्ही तुमची टोपी घडी करून बाकावर ठेवलीत, तिच्या डोक्याखाली. हे मला तिनं नंतर सांगितलं. मी त्या आठवड्यात सरकारी रुग्णालयाच्या रांगेवर एक खुसखुशीत लेख लिहिला होता. बऱ्याच जणांना आवडला.

त्या रिपोर्टच्याच वर्षी हरतालिकेला भर दुपारी दार वाजलं. उघडलं तर उंबऱ्यात वीतभर गणपती, या पाटावर. पाण्याच्या टाकीमागे एक धोतराचं टोक दिसत होतं. आम्ही रिवाजाप्रमाणे ते पाहिलं नाही. पण अण्णा, तुम्ही लपलात तरी डोळे कसे लपवणार? बाकी गणपती समोर बघतात. याची नजर खाली होती, जमिनीवर रांगणाऱ्या पोराकडे बघावं तशी. सुमन त्या मूर्तीपुढे बसली ती उठेचना. मी आरतीचं ताट शोधायला म्हणून आत गेलो आणि आतच राहिलो.

पाच वर्षं तुम्ही तो आणलात. रोह्याच्या गाडीतून, मांडीवर घेऊन. दर वर्षी टाकीमागे धोतराचं टोक. तुमच्या मनात ती फेड होती, हे मला कळत होतं. फेड कशाची? तुम्ही न केलेल्या नुकसानीची. आणि मी हात जोडून ती घेत होतो.

रिपोर्टनंतरच्या चौथ्या वर्षी पनवेलच्या डॉक्टरांनी हट्ट धरला. नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय पुढे काही करणार नाही म्हणाले. तिथे खोली होती, कडी होती, उबेची पेटीसुद्धा होती. दोनदा केली. दोनदा शून्य. डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी केली होती का? मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुमननं पिशवीतून विम्याच्या कागदांतला तो कागद काढला. सगळे जुने कागद आणायला सांगितलं होतं ना, तिनं सगळे आणले होते. डॉक्टरांनी घडी उलगडली आणि वरून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. मग म्हणाले, “हे तर तेव्हाच लिहिलंय की.”

डॉक्टर पुढे बरंच बोलले. ऑपरेशन करून बघता येईल, खात्री नाही; दुसऱ्याचा नमुना घेता येतो; मूल दत्तक घेता येतं. त्यांनी प्रत्येक वाट नीट समजावली. मी फक्त सुमनचे हात बघत होतो. ती कागदाची घडी बोटानं सपाट करत होती.

परतीची एस.टी. वडखळला आली. नाक्यावर गाडी थांबली, काकड्यावाल्या बायका खिडकीशी आल्या, गेल्या. गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, “माझं जाऊ दे. माझ्या पोटात सुया गेल्या त्या मी मोजल्या नाहीत. पण माझा बाप प्रत्येक दवाखान्यात नर्सला सांगतो, माझ्या फडक्यानं घोळ झाला म्हणून. कुणी विचारत नाही, तरी सांगतो. त्या दिवसापासून मातीवर फडकं टाकत नाही तो. दत्ताला टाकायला लावतो. खिळा रिकामा आहे आमच्या दाराचा, बघितलात कधी?”

मी बघितला नव्हता.

“त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. तुमच्या तोंडानं गेलंय, तुमच्या तोंडानं परत यायला हवं.”

बाकी तिनं मला कधी काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर देता येतं. दत्तक घ्यायचं आम्ही ठरवलं, अर्ज आणला. आई म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत नको. आई गेली तेव्हा आम्ही वयाच्या अटीबाहेर गेलो होतो. पुढे सुमननं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान काढलं. गिऱ्हाईक म्हणतं, अर्धंच पान काढा हो ताई. ती म्हणते, पूर्ण काढते, अर्ध्याचे पैसे द्या. मी तिथे फारसा थांबत नाही.

तुम्हाला सांगायचं म्हणून मी किती वेळा जोह्याला आलो! प्रत्येक खेपेला तुम्ही आधीच काहीतरी खायला मागवायचात. एकदा दसऱ्याला अगदी ओठांवर आलं होतं, तर तुम्ही म्हणालात, “जावईबुवा, तुमचं मन मोठं. मला एका शब्दानं बोलला नाय तुम्ही.” मी आपटा दिला आणि वाकून नमस्कार केला. तुम्हाला वाटलं, रीत पाळली.

आणि ती शेवटची भेट. पौषातली दुपार. तुमची खाट खिडकीशी लावलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हजारो गणपतींना दृष्टी देऊन तुम्हाला समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. दत्ता बाहेर, सुमन चुलीशी. आपण दोघंच. तुम्ही माझा हात चाचपलात.

“जावईबुवा, एक विचारू? त्या दिशी फडकं सुकं घेतलं असतं तर?”

अण्णा, याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. उत्तर चार शब्दांचं होतं. तुम्ही स्वतः दार उघडून धरलं होतंत, मला फक्त आत यायचं होतं.

मी म्हटलं, “सुकं घेतलं असतं तर बाटली तडकली असती, अण्णा. तुमच्या हातून तडकलेली पहिली वस्तू. तेवढं नाव तरी राखलंत.”

तुम्ही हसलात. हसताना खोकला आला. सुमन पाणी घेऊन धावत आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मी पुन्हा खालचीच ओळ वाचली.

तेरा दिवसांनी तुम्ही गेलात.

तेव्हा वरची ओळ आता लिहितो. फडक्याचा दोष नव्हता, अण्णा. तुम्ही ते ओलं घेतलंत, सुकं घेतलंत, रेशमी घेतलंत, शेकोटीवरून नेलंत, तरी तेच निघालं असतं. माझ्यात नव्हतंच. मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

पाच ओळी. कशा भरभर झाल्या बघा. आता वाचणारा नाही, म्हणूनच झाल्या असतील.

एवढं लिहून मी लेखणी ठेवली होती. मग सुमनला म्हटलं, चल, पाट देऊन येऊ. तिनं दुकान बंद ठेवलं. आम्ही पेणपर्यंत गाडीनं आलो, पुढे रिक्षानं. पाट मी मांडीवर घेतला. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, “गनपती सांगायला का?” सुमन म्हणाली, “व्हय.” मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

दत्ता मातीत कोपरापर्यंत बुडलेला. मोठी मूर्ती अर्धी झालेली, सोंड लागायची होती. मी पाट भिंतीला टेकवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. फडक्याचं, आकड्याचं, घडीचं, पौषातल्या दुपारचं. कामाची दोन माणसं होती, ती थांबली. त्यांना मी थांबू दिलं.

दत्ताचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाला, “बाबांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगता, भावोजी?”

रागावला असता तर मी काही बोललो असतो. तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता.

सुमननं पदराच्या गाठीतली सुपारी आणि मूठभर तांदूळ काढून पाटावर ठेवले. दत्ता म्हणाला, “ताय, तुमचा तर रिकामा परत यायचा. रिवाज हाय.” ती म्हणाली, “आमचा पाळणा नाही हलला म्हणून पाट किती दिवस अडवून ठेवायचा? दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊ दे. कुणाच्या ते आम्हाला सांगू नको.” दत्तानं मान हलवली. तुमच्या खिडकीच्या कोनाड्यात तुमचे कुंचले अजून तसेच आहेत, बारीक तो सगळ्यात पुढे.

ऊन कलायला लागलं तेव्हा दत्तानं बादलीतून फडकं काढलं आणि एक टोक माझ्यापुढे केलं. “धरा. माती सुकतेय.” मी धरलं. आम्ही दोघांनी मिळून ते त्या अर्ध्या गणपतीवर टाकलं. खांद्यावर नीट बसेना, मग दत्तानं दाखवलं, कसं चेपायचं ते.

वचन द्यायची माझी लायकी राहिलेली नाही, तरी एक देतो. तुम्ही प्रत्येक नर्सला सांगत होतात, माझ्या फडक्यानं घोळ झाला. त्या नर्स मला आता कुठे सापडायच्या? पण साप्ताहिक माझ्या हातात आहे. हे पत्र मी त्यात देणार आहे, माझ्या रोजच्या टोपणनावानं नाही, खऱ्या नावानं, आणि वरून खालपर्यंत, घडी न घालता. त्यातली एखादी पनवेलची बाई वाचेल. टोपी बाकावर ठेवणारा म्हातारा तिला आठवेल, आणि तिला कळेल की त्याचं काही चुकलं नव्हतं. तुम्हाला कळणार नाही, ते मला कळतं.

तुमचा जावई,
मधुकर

ता. क. – निघताना तिथे आणखी एक फडकं पडलेलं होतं. ते धुतलं, पिळलं, आणि दारालगतच्या तुमच्या खिळ्याला टांगून आलो.